लाकडी रोलर कोस्टर कोण बांधतं, सुतार की इंजिनियर?

सुगरण_पक्षी | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

लेक सहावीत आहे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे आम्ही दोघी कूलरसमोर बसून व्हिडिओ बघतो. परवा तिने अमेरिकेतल्या एका लाकडी रोलर कोस्टरच्या बांधकामाचा व्हिडिओ लावला. मी गवारीच्या शेंगा मोडायला बसले होते, त्या तशाच राहिल्या. मोकळ्या माळावर शेकडो खांब, त्यांना तिरप्या-आडव्या फळ्या, आणि त्या जंगलाच्या शेंड्यावर कमरेला पट्टा बांधलेली माणसं फळी वाकवून ठोकताहेत. एक धरतो, दुसरा ओढतो, तिसरा ठोकतो. क्रेन आहे, यंत्रं आहेत, पण शेवटची फळी हातानेच बसते.

माझे वडील सुतार होते. लकडगंजात एका आरामशीनच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं काम केलं. दारं, चौकटी, दिवाण, शाळेचे बाक, शेवटी शेवटी नुसते देव्हारे. ते जाऊन तीन वर्षं झाली. व्हिडिओ संपल्यावर लेकीने विचारलं, "आई, आबांना हे बांधता आलं असतं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते. लोखंड असताना लोक अजून लाकडाचा कोस्टर का बांधतात? आणि हे काम नेमकं कोणाचं, सुताराचं की इंजिनियरचं? कोणी जवळून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा. लेक वाचणार आहे.

धरमपेठी | रविवार, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. लहानपणी अंबाझरीजवळच्या पार्कात पाळण्यात बसून रडलो होतो, एवढाच माझा अनुभव.

पोटात_गोळा | रविवार, रात्री ११:५०

ताई, हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. मी मूळचा प्रतापनगरचा. नोकरीमुळे चार वर्षं ओहायोत होतो. तिथे किंग्ज आयलंड पार्कात 'द बीस्ट' नावाचा लाकडी कोस्टर आहे, १९७९ सालचा. लांबी सुमारे ७,३६० फूट, म्हणजे जवळपास सव्वादोन किलोमीटर. लाकडी कोस्टरांत जगात सगळ्यात लांब तोच. सगळा झाडीतून जातो. मी त्यात पहिल्यांदा रात्री बसलो. पुढे रूळ दिसत नाही, फक्त अंधार आणि लाकडाचा घरघराट.

"का बांधतात" याचं माझं उत्तर तो आवाज आणि तो हिसका. लोखंडी कोस्टर गुळगुळीत सरकतो. लाकडी कोस्टर अंगाखाली जिवंत असल्यासारखा हलतो. टेकडीच्या माथ्यावर बूड सीटवरून उचललं जातं, पोटात गोळा येतो आणि खालून अख्खी लाकडं कुरकुरतात. मागून बघितलं तर गाडी जाताना खांब हललेले डोळ्यांना दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलो होतो. नंतर कळलं की ते हलायलाच हवेत.

एक गंमत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा 'सायक्लोन' १९२७ पासून चालू आहे आणि सगळे त्याला लाकडी कोस्टर म्हणतात. पण त्याचा सांगाडा लोखंडी आहे! उलट ओहायोतल्याच सीडर पॉइंट पार्कच्या 'जेमिनाय'चा सांगाडा लाकडी आणि रूळ लोखंडी नळीचे, म्हणून तो स्टील कोस्टर. म्हणजे जात ठरते ती रुळावरून, खांबांवरून नाही.

सुगरण_पक्षी | सोमवार, सकाळी ७:०५

@पोटात_गोळा, वा! पण मग रूळ लाकडाचा म्हणजे काय? चाक थेट फळीवर फिरतं? फळी झिजणार नाही का?

कैची_आणि_खांब | सोमवार, सकाळी ९:२०

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, पाण्याच्या टाक्या आणि गोदामं करतो. कोस्टर बांधलेला नाही, पण कॉलेजपासून या विषयाचा नाद आहे. तेवढ्या भरवशावर लिहितो.

चाक थेट लाकडावर फिरत नाही. फळ्या एकावर एक रचून, ठोकून, साधारण सात-आठ थरांचा जाड पाट बनवतात. त्याच्या वर पोलादी पट्टी असते आणि चाक त्या पट्टीवर धावतं. फळ्यांचे सांधे कधीच एकाखाली एक येऊ देत नाहीत, विटांच्या भिंतीत आपण सांधा मोडतो तसेच मोडतात. वरचे दोन थर खालच्यांपेक्षा रुंद ठेवलेले असतात, म्हणजे पाटाला आतल्या बाजूने ओठ येतो. त्या ओठाखालून आणखी एक चाक धावतं.

हे खालचं चाक फार महत्त्वाचं. प्रत्येक ठिकाणी तीन प्रकारची चाकं असतात: वर भार घेणारं, बाजूने वळणात धरणारं आणि खालून अडवणारं. खालचं चाक नसेल तर टेकडीच्या माथ्यावर गाडी उडून जाईल. याचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये घेतलं. त्याआधी उतार सौम्यच ठेवावे लागत. पेन्सिल्व्हेनियात अल्टूना इथे १९०२ चा 'लीप द डिप्स' अजून उभा आहे, त्याला हे खालचं चाक नाही आणि त्याचे चढउतार आजच्या मानाने अगदी शांत आहेत.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून लेकीसाठी एक गणित. गाडी ३० मीटर उंचीवरून सुटली तर तळाशी वेग किती? २ × ९.८ × ३० = ५८८, त्याचं वर्गमूळ सुमारे २४. म्हणजे सेकंदाला २४ मीटर, ताशी ८७ किलोमीटर, तेही इंजिनाशिवाय. घर्षण आणि हवा यात धरलेली नाही, प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. या गणितात गाडीचं वजन कुठेच आलं नाही, हे तिला दाखवा.

आणि हो, खांब हलतात ते खरं आहे. तळाशी गाडी वळते तेव्हा माणसाला आपलं वजन तिप्पट झाल्यासारखं वाटू शकतं. तो दाब एकाच खांबाने घ्यायचा नसतो. तिरप्या फळ्या तो शेजाऱ्यांना वाटून देतात. सांगाडा ताठ केला तर सगळा मार सांध्यांवर येतो आणि बोल्ट सैल होतात.

बोरकूट | सोमवार, सकाळी ९:४४

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये बसलं की तिप्पट वजन रोज जाणवते. तिकीट पण नाही.

आरामशीन | सोमवार, दुपारी १:१०

सुगरणताई, तुमचे बाबा लकडगंजातले म्हणजे आपलेच माणूस. आमचा धंदा तिसऱ्या पिढीचा हाये. नाव नका सांगू इथं, पण चेहरा नक्की ओळखत असन.

आता लाकडाचं सांगतो. इथं लगेच कोनीतरी म्हनन, आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग हाये, दिल्लीच्या नव्या संसदेत नागपूरचा साग गेला, मग कोस्टर सागाचा काहून नाही? बाप्पा, नका करू. साग दाराले पायजे, जहाजाले पायजे. सागात तेल असते म्हनून उधई लागत नाही, पान्यात सडत नाही. पन भाव पाहा आन वय पाहा. चांगला साग साठ-ऐंशी वर्षं वाढवा लागते. अमेरिकेत कोस्टरले सदर्न यलो पाइन वापरतात. तो तीसेक वर्षांत कापाले येते, सरळ येते, वजनाच्या मानानं मजबूत असते. आन मुख्य म्हनजे त्याच्यात औषध खोल मुरते. दाबाखाली टाकीत ठेवून तांब्याचं औषध पाजतात, मंग उधई-बुरशी दूर. सागाच्या पक्क्या गाभ्यात औषध शिरतच नाही. त्याले गरज नाही ते वेगळं.

दुसरं, फळी वाकवनं. तुमचे बाबा असते तर त्यायनं हेच पयले सांगतलं असतं. जाड बल्ली वाकत नाही, तडकते. पातळ फळी वाकते. वाकलेल्या पातळ फळ्या एकावर एक ठोकल्या की मंग त्या सरळ होत नाहीत. म्हनून आठ थर. इंजिनियर साहेबानं थर सांगतले, काहून ते नाही सांगतलं.

कैची_आणि_खांब | सोमवार, दुपारी १:३२

मान्य. हेच राहून गेलं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत.

पळस_फुलला | सोमवार, दुपारी ३:००

सगळ्यांचा उत्साह समजतो, पण मला हा प्रकार पटत नाही. दोन मिनिटांच्या किंचाळण्यासाठी शेकडो झाडं कापायची? आपल्या शहरात रस्ता रुंद करताना एकेक कडुनिंब वाचवायला आम्ही उन्हात उभे राहतो. शिवाय आपल्या जत्रांमधले पाळणे बघा. माझ्या मावसभावाचा हात एका मेळ्यात पाळण्याच्या सैल दांडीमुळे मोडला. दांडी सैल असल्याचं चालवणाऱ्याला आधीच सांगितलं होतं, त्याने "चालते" म्हणून उडवून लावलं. जिथे "चालते" म्हणायची सवय आहे, तिथे लाकडाचे दहा मजले उभे करू नयेत.

पोटात_गोळा | सोमवार, दुपारी ४:१८

@पळस_फुलला, भावाचं वाचून वाईट वाटलं. तुमचा दुसरा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो आणि तो फक्त आपल्यापुरता नाही. 'द बीस्ट'च्याच पार्कात २००० साली 'सन ऑफ बीस्ट' बांधला. लाकडी कोस्टरला लूप, म्हणजे गाडी उलटी फिरवणारं उभं वर्तुळ; एवढं मोठं तोवर कोणी केलं नव्हतं. २००६ मध्ये आधाराचं लाकूड तडकलं आणि गाडीतले लोक जखमी झाले. लूप काढला, तरी २००९ मध्ये तो कायमचा बंद झाला आणि २०१२ मध्ये पाडला. शेजारी १९७९ चा अजून धावतोय. दोन्ही लाकडीच. फरक आराखड्याचा आणि किती ओढाताण करायची याच्या अंदाजाचा.

झाडांबद्दल मात्र असहमत. ते लागवडीचं लाकूड असतं, जंगलातलं नाही. आणि एकदा बांधला की एकेक फळी बदलत शंभर वर्षं चालवता येतो. मेलबर्नच्या लुना पार्कमधली 'सीनिक रेल्वे' १९१२ पासून चालू आहे. तिच्यात अजून डब्यांच्या मधोमध एक माणूस उभा राहून हाताने ब्रेक लावतो.

पळस_फुलला | सोमवार, दुपारी ४:४०

लागवडीचं लाकूड असेल तर माझा पहिला आक्षेप अर्धा कमी करते. दुसरा तसाच आहे. रोज बघणार कोण?

नागभीड_पॅसेंजर | सोमवार, रात्री ८:३०

कालपासून नुसतं वाचत होतो. "रोज बघणार कोण" वाचून राहवलं नाही.

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच नागपूर–नागभीड नॅरोगेजवर. ती लाइन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, मी त्याआधीच निवृत्त झालो. आमच्याकडे कीमन असतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंड्या. रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालतो. प्रत्येक चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी पाचर, बघतो, सैल दिसली तर ठोकतो. अनुभवी कीमनला आवाजावरून कळतं की चावी बसली आहे की नुसती टेकली आहे. आमच्या वेळी रुळाखाली साल वृक्षाच्या लाकडाचे जुने स्लीपर, म्हणजे आडवे ओंडके, होते. पावसाळ्यात फुगायचे, उन्हाळ्यात चिरा पडायच्या. स्लीपर वरून धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ असतो. हातोडीने ठोकलं की बद्द वाजतो.

माझा भाचा मला अशा पार्कांचे व्हिडिओ दाखवतो. लाकडी कोस्टरवर रोज सकाळी, पार्क उघडायच्या आधी, माणसं सगळा रूळ पायी चालतात. चढावरही. हातात हातोडी, पाना. सैल बोल्ट आवळतात, वर आलेला खिळा बसवतात, खराब फळीवर खूण करतात. मग रिकामी गाडी सोडतात आणि त्यानंतरच माणसं बसवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बायकोला हाक मारली, "अगं ये, हा बघ कीमन!"

आणखी सांगतो. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, आम्ही त्याला कँट म्हणतो, तोच प्रकार तिथे आहे, फक्त फार जास्त. एका वेळी दोन-तीन गाड्या धावत असतील तर मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकच गाडी. पुढचा भाग रिकामा झाल्याशिवाय मागची सुटत नाही. हा तर आमचा ब्लॉक सेक्शन! ब्रेकही बहुतेक ठिकाणी गाडीत नसतात, रुळावर असतात.

म्हणून पळसताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे रोज बघणारी माणसं आहेत. रेल्वे त्यांच्याच पायांवर चालते. पार्कवाला तसा माणूस ठेवेल का आणि त्याने "आज बंद ठेवा" म्हटलं तर ऐकेल का, हे बघायला हवं. आम्ही म्हटलं की गाडी थांबायची.

पळस_फुलला | सोमवार, रात्री ९:०२

काका, हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. "आज बंद ठेवा" म्हणणारा माणूस असेल तर मी तिकीट काढीन.

धरमपेठी | सोमवार, रात्री ९:१०

रुमाल उचलला. या एका प्रतिसादासाठी टाकला होता असं समजा.

कैची_आणि_खांब | सोमवार, रात्री १०:२५

काकांच्या माहितीला एक जोड. या सगळ्याचं मूळ रेल्वेतच आहे. पेन्सिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये खाणीतला कोळसा डोंगरावरून उतरवायला रूळ टाकले. कोळशाने भरलेल्या वाघिणी उताराने आपोआप खाली यायच्या. त्या परत वर ओढायला खेचरं लागायची, म्हणून खेचरांनाही वाघिणीत बसवून खाली आणत! पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि त्या मार्गावर लोक पैसे देऊन नुसते घसरायला येऊ लागले. मग १८८४ मध्ये ला मार्कस थॉम्पसनने कोनी आयलंडला समुद्रकाठी खास मजेसाठी लाकडी 'स्विचबॅक रेल्वे' उभारली.

नागभीड_पॅसेंजर | सोमवार, रात्री १०:४०

उमरेडचा कोळसा आम्ही एवढा वाहिला, बसून बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

बोरकूट | सोमवार, रात्री १०:४१

खेचरं रांगेत उभी राहून पुन्हा एकदा म्हणत असतील.

चिंचबन | मंगळवार, सकाळी ११:१५

थोडं अवांतर, पण मला जवळचं वाटतं. "आपल्याकडे असं काम नाही" असं कोणी म्हणू नये. कस्तुरचंद पार्कवर किंवा कुठल्याही मोठ्या मेळ्यात मौत का कुआँ बघितलाय ना? ती लाकडी विहीर फळ्या जोडूनच उभी करतात. प्रत्येक फळीला नंबर असतो. ट्रकमधून उतरवतात, गोल रचतात, बाहेरून बांधतात आणि आत मोटरसायकल भिंतीवर फिरते. वर उभं राहिलं की गाडी जवळून जाताना भिंत पायाखाली थरथरते. मी शाळेत असताना ती उभी होताना दोन दिवस मैदानावर बसून राहिले होते. एक म्हातारे गृहस्थ सगळीकडे फिरून नुसत्या तळहाताने फळ्या दाबून बघायचे. कागद नाही, माप नाही. ते ज्या फळीशी थांबायचे तिथे पोरं पाचर घेऊन धावायची.

आरामशीन | मंगळवार, दुपारी १२:०५

हे खरं हाये. त्या लोकायले बल्ल्या आमच्याकडूनच जायच्या. घेताना एकेक बल्ली उचलून, टोकाशी डोळा लावून पाहात. गाठ दिसली की परत. आमचे वडील चिडायचे, पन मनातून खूश राहायचे.

पोटात_गोळा | मंगळवार, दुपारी २:५०

हवेचा एक मुद्दा कोणी काढला नाही. सकाळी गार असताना कोस्टर जरा मंद चालतो, दुपारी बेअरिंगचं ग्रीस तापून पातळ झालं की वेगाने. नियमित बसणारे लोक म्हणूनच संध्याकाळची शेवटची फेरी धरतात. आता नागपूरचं ४५-४६ डिग्री डोळ्यांपुढे आणा.

कैची_आणि_खांब | मंगळवार, दुपारी ३:३०

तापमानापेक्षा मला आपल्या जूनची धास्ती वाटते. मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आकसतं. मृग लागला की पंधरा दिवसांत तेच लाकूड ओलं होऊन फुगतं. पोलादी पट्टी पाण्याने फुगत नाही, त्यामुळे दोघांची तिथे ओढाताण होणार आणि स्क्रू सैल होणार. अशक्य नाही. जपान आणि कोरियातही भरपूर पाऊस पडतो. कोरियातल्या एव्हरलँडचा 'टी एक्स्प्रेस' २००८ पासून आहे, ५६ मीटर उंच, पहिला उतार ७७ अंशांचा. पण त्याचा रूळ जागेवर ठोकलेला नाही. पातळ थर कारखान्यात चिकटवून, यंत्राने अचूक कापून, तयार तुकडे आणून बसवले आहेत. त्यामुळे तो गुळगुळीत धावतो. नागपुरात करायचं तर मी तो मार्ग सुचवीन.

पोटात_गोळा | मंगळवार, दुपारी ३:५५

आणि मी विरोध करीन. त्याच पद्धतीच्या रुळाच्या 'एल टोरो'त मी बसलोय, न्यू जर्सीत, २००६ चा. अप्रतिम आहे, पण हातोडीच्या रुळाचा तो घरघराट त्यात नाही. तो नसेल तर लोखंडीच बांधा ना.

नागभीड_पॅसेंजर | मंगळवार, सायंकाळी ६:१०

पोटात_गोळा, आवाजाच्या बाजूने माझंही मत. पण रूळ बोलला पाहिजे आणि ऐकणारा माणूस नेमलेला असला पाहिजे, दोन्ही एकदम.

सुगरण_पक्षी | रविवार, रात्री ९:३०

आठवडाभर लिहायला जमलं नाही, पण एकेक प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. खेचरांचं तिने चित्र काढलंय. ८७ चं गणित तिने तीनदा केलं आणि मग विचारलं, "म्हणजे आजी आणि मी एकाच वेगाने पोचणार?" हो म्हटलं.

आज सकाळी आम्ही माळ्यावरून आबांची पेटी काढली. रंधा, पटाश्या, गुण्या, ओळंबा. आरामशीनदादांनी संपर्कातून निरोप दिला होता, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओळखलंच! आबांची शेड आता गोदाम झाली आहे, पण भिंतीवर त्यांनी पेन्सिलने केलेल्या मापांच्या खुणा अजून आहेत. दादांनी लेकीला एक जाड पट्टी दिली आणि म्हणाले, "वाकव." तिने गुडघ्यावर लावून जोर केला. पट्टी कडाड करून मोडली. मग त्यांनी आठ पातळ पट्ट्या दिल्या. त्या एकावर एक, सांधा मोडत, तिने स्वतः ठोकल्या. एक अंगठा सुजला आहे. शेवटची पट्टी बसल्यावर दादांनी दोन्ही टोकं सोडायला सांगितली. बाक तसाच राहिला. तिने तो कानाशी धरून हातोडीने ठोकून बघितला, कीमनकाकांसारखा.

दोन फुटांचा एक उतार आणि एक टेकडी झाली. पहिल्यांदा टेकडी उताराएवढीच उंच केली, तर गोटी माथ्याच्या चार बोटं खाली थांबून परत आली. कैची_आणि_खांब, तुम्ही गणितात न धरलेलं घर्षण तिला इथे सापडलं. मग आबांच्या रंध्याने टेकडीचा माथा तासून कमी केला. आता गोटी पार होते, आणि होताना लाकूड वाजतं.

परत येताना रिक्षात तिने तिच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं. "बांधला असता. पण आकडे काढायला त्यांना ते इंजिनियरकाका लागले असते, आणि सकाळी बघायला रेल्वेवाले काका."

काका, मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात तुम्ही येणार असाल तर तिला तुमच्याकडून कँट समजून घ्यायचा आहे. तिच्या पुढच्या मॉडेलमध्ये वळण आहे.

नागभीड_पॅसेंजर | रविवार, रात्री ९:४२

येत्या रविवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत. मॉडेल घेऊन या. हातोडी मी आणतो.